आग बाहेर, ऊब आत

विदर्भ म्हटले की मुंबई-कोकणातल्या आमच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे फक्त उन्हाळा येतो. भंडारा जिल्ह्यात थंडी पडते हे त्यांना सांगूनही पटत नाही. पण वैनगंगेच्या काठचा, तलावांचा आणि धानाच्या बांध्यांचा हा मुलूख डिसेंबर-जानेवारीत चांगलाच गारठतो. काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. फजरला उठून वजू करायला बसावे तर पाणी बोटांना चावते.

आमच्या घरापुढेच मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज आहे. तीन बाजूंना विटांची भिंत, वर टिनाचे पत्रे, समोर शटर. टिनाखालची थंडी काही वेगळीच. रात्रभर पडून राहिलेला लोखंडी पाना सकाळी हातात घेतला की बोटे आखडतात आणि छोटा नट दोनदा तरी हातातून निसटतो. म्हणून कामावरची पोरे सकाळी आल्या आल्या पहिले काम करायची ते शेकोटीचे. जुन्या टायरचा तुकडा, ऑइलने भिजलेल्या चिंध्या, फळ्यांची पेटी, जे हाती लागेल ते. काळा धूर गल्लीभर पसरायचा. आमच्या दादींना दम्याचा त्रास आहे, त्या आतल्या खोलीत ओढणी नाकाला लावून बसायच्या. शेजारच्या काकूंनी एकदा भाभींना हसत हसतच सांगितले, "तुमच्या गॅरेजचा धूर आमच्या वड्यांना लागतो हो भाभी, यंदा वड्या खायला तुमच्याकडेच पाठवते." हसण्यावारी नेले तरी बोलणे मनाला लागले.

इलेक्ट्रिक हीटर लावून पाहिला. शटर उघडे असलेल्या जागेत त्याची ऊब हातभर अंतरापर्यंत पोहोचते, आणि बिल मात्र घरभर पोहोचते. तेव्हा पुतण्याने "रॉकेट हीटर" हा शब्द घरात आणला. लाकूड कमी, धूर जवळजवळ नाही, उचलून कुठेही नेता येतो, आणि सगळे सामान भंगारातले. गॅरेजवाल्या घराला एवढे सांगितले की पुरे असते.

नाव रॉकेट असले तरी त्यात उडण्यासारखे काही नाही. पेटल्यावर हवा जोरात ओढली जाते तेव्हा घरघर असा आवाज येतो, एवढेच. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात अप्रोवेचो नावाची संस्था आहे. तिथे लॅरी विनियार्स्की या अभियंत्याने 1980 च्या दशकात ही चूल मांडली. गरीब देशांतल्या स्वयंपाकघरात लाकूड कमी लागावे आणि बायकांच्या छातीत धूर कमी जावा हा हेतू होता. कल्पना अगदी सोपी आहे. इंग्रजी एल अक्षरासारखा नळ घ्या. आडव्या तोंडातून बारीक लाकडे आत सरकवा, उभ्या नळातून ज्वाळा वर जाऊ द्या, आणि उभ्या नळाभोवती उष्णता बाहेर न जाऊ देणारे काहीतरी भरा. नळ आतून लालभडक तापतो. धूर म्हणजे तरी काय, न जळलेले लाकूडच ते. साधारण सहाशे अंशांच्या वर ते पुन्हा पेट घेते, आणि तोंडातून बाहेर पडते ती फक्त गरम हवा. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते, बाकीची वाऱ्यावर जाते.

हे ऐकून दादी म्हणाल्या, "म्हणजे बंबच की." त्यांचे बरोबर होते. तांब्याच्या जुन्या बंबात पाण्याच्या मधोमध उभी नळी असते, खाली विस्तव, आणि नळी तापली की हवा आपोआप वर ओढली जाते. भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे शहर. भट्टी, विस्तव आणि धातू यांची समज इथल्या कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. धूर कमी करण्याची खटपटही आपल्याकडे जुनीच. आमच्यापासून फार लांब नसलेल्या वर्ध्याला, मगनवाडीत, 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा तिथे होते आणि धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' तिथलीच. पुढे 1980 च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम काढला. 2016 पासून उज्ज्वला योजनेत गॅस आला. तरीही आमच्या भागात अंघोळीचे पाणी अजून बऱ्याच घरी लाकडावरच तापते. गॅसवर वीस लिटर पाणी तापवायला कुणाचा जीव होतो?

आता बांधणीचे. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या चुका वाचून कुणाचे तरी हात आणि पैसे वाचतील.

भंगारच्या दुकानातून चार इंची लोखंडी पाइप आणायला पुतण्याला पाठवले, तर तो चकचकीत जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप घेऊन आला. स्वस्त मिळाला म्हणून खूश होता. भाईजाननी तो हातात घेतला आणि तसाच परत पाठवला. वेल्डिंगवाल्यांना हे ठाऊक असते. जस्त तापले की त्याचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. चुलीच्या पोटात तर हा पाइप रोजच तापणार. तेव्हा पाइप साधा काळा लोखंडी हवा. जाडी तीन मिलिमीटर असली तर बरी, पातळ पत्रा एका हिवाळ्यात जळून जातो.

उभा नळ बावीस इंच, त्याच्या बुडाशी दहा इंचांचे आडवे तोंड. आडव्या तोंडात मधोमध नाही, जरा खाली, एक पत्र्याची पट्टी सरकवायची. पट्टीच्या वर लाकूड, खालून हवा. ही पट्टी फार महत्त्वाची आहे. ती नसली तर लाकडे तोंड बुजवतात, हवा मिळत नाही आणि मग नुसता धूर.

अंगासाठी पंधरा किलोच्या तेलाचा चौकोनी डबा घेतला. नळ त्यात उभा केला आणि भोवती राख गच्च भरली. राख कोणती, तर धानाच्या तुसाची. इथे आमचा जिल्हा श्रीमंत आहे. जिथे राइस मिल तिथे तूस, आणि जिथे उसना तांदूळ करायला तूस जाळले जाते तिथे राखेचे ढीग. ही राख बहुतेक सगळी सिलिकाची असते, हलकी आणि पोकळ, त्यामुळे उष्णता अडवण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. बाजारात ज्याला महाग इन्सुलेशन म्हणून विकतात तेच काम ही फुकटची राख करते. मात्र ती भरताना नाकातोंडाला ओला कपडा बांधा. तिची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. डब्याचे तोंड वरून वारुळाच्या मातीने लिंपले. मातीत थोडी राख आणि तूस कालवले की तडे कमी जातात. सिमेंट वापरू नका. आम्ही पहिल्यांदा वापरले होते, दुसऱ्याच दिवशी त्याच्या खपल्या निघाल्या.

डब्याच्या वर निघालेल्या दहा इंच नळालाही मातीचा जाड गिलावा दिला आणि त्यावर ग्रीसचा रिकामा लोखंडी डबा पालथा घातला. ज्वाळा नळातून वर येते, पालथ्या डब्याच्या बुडाला आपटते, बाजूंनी खाली उतरते आणि खालच्या अंगाला जोडलेल्या दुसऱ्या पाइपातून निघून जाते. तोवर डबा तापून ऊब फेकायला लागतो. हाच तो हीटर.

पहिल्या दिवशी पेटवला तर सगळा धूर आमच्याच तोंडावर. लाकूड कोरडे, राख गच्च, तरी धूर उलटा. दोन तास डोके खाजवल्यावर कळले की नळाचे टोक आणि पालथ्या डब्याचे बूड यांत जेमतेम अर्धा इंच जागा होती. यात गणित आहे, शाळेतले आहे, आणि आमच्यापैकी कुणालाच ते सुचले नाही. घरातल्या नववीतल्या मुलीने वहीत मांडून दाखवले. चार इंची नळातून जेवढी हवा वर येते तेवढीच चारही बाजूंनी बाहेर पडायला हवी. त्यासाठी नळाच्या रुंदीच्या चौथा हिस्सा, म्हणजे कमीत कमी एक इंच फट लागते. वळणावर हवा अडखळते म्हणून दोन इंच ठेवलेले बरे. दीड इंच नळ कापला आणि हीटर घरघरायला लागला. बाहेर जाणारा पाइपही चार इंचांपेक्षा बारीक नको. वाट कुठेही अरुंद झाली की धूर मागे फिरतो.

दोन गोष्टी आणखी, आणि या जिवाच्या आहेत. एक, घरगुती गॅसचे जुने सिलिंडर कापून हीटर करायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचे असते हे तर आहेच, पण आत राहिलेला थोडासा गॅसही कटरची ठिणगी लागली की जीव घेतो. दुसरी, पेट्रोल, थिनर किंवा रंगाचा रिकामा डबा कधीही तसाच कापू नका. रिकामा दिसतो, पण आत वाफ भरलेली असते. आमचा ग्रीसचा डबा भाईजाननी आधी सोड्याने धुतला, मग पाण्याने भरून ठेवला, आणि तेव्हाच त्याला हात लावू दिला.

सगळा खटाटोप तीन जुम्मे चालला. शेवटी हीटर गुडघ्याहून थोडा उंच झाला, दोन कड्या लावल्या, दोघांनी उचलून कुठेही न्यावा असा. बाहेर जाणाऱ्या पाइपला वाक देऊन त्याचे तोंड शटरखालून रस्त्याकडे काढले. बोटभर जाडीची बाभळीची आणि मोहाची कोरडी काटकी, बांधावरच्या तुरीच्या तुराट्या, सॉ-मिलमधले तुकडे, एवढ्यावर तो दीड-दोन तास चालायचा. धूर दिसतच नव्हता. काकूंनीही गल्लीतून विचारले, "आज शेकोटी नाही का?" आम्ही खूप खूश.

चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळची गोष्ट. मगरिबनंतर वारा सुटला होता. एका ग्राहकाची गाडी सकाळी द्यायची होती म्हणून भाईजान, पुतण्या आणि कामावरचा एक मुलगा आत काम करत होते. वारा लागतो म्हणून शटर पाइपाच्या उंचीपर्यंत खाली ओढले होते. हीटरमधली लाकडे जळून निखारे झाले होते. ऊब छान होती, धूर कणभर नाही. दादी चहा पाठवायच्या म्हणून मागच्या दारातून डोकावल्या तर पुतण्या डोके धरून स्टुलावर बसला होता. कामावरचा मुलगा म्हणाला, त्याचेही डोके ठणकते आहे. भाईजानना मळमळत होते, दुपारच्या जेवणाला दोष देत होते.

दादी म्हणाल्या, "तिघांचे डोके एकाच वेळी कसे दुखेल?" आणि पुढे काही न बोलता त्यांनी शटर वर ढकलायला लावले.

तिघांना अंगणात बसवले, अर्ध्या तासात बरे वाटले. तरी रात्री डॉक्टरांकडे नेऊन आणले. दादींना हे कुठून सुचले, तर त्यांच्या तरुणपणी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवायची चाल होती, आणि त्यांच्या सासूबाई दाराला हातभर फट ठेवल्याशिवाय शेगडी आत जाऊ देत नसत. "बंद खोलीत शेगडी म्हणजे झोप लागते आणि उठणे होत नाही," एवढेच सासूबाईंनी सांगितले होते. त्यामागचे शास्त्र दादींना माहीत नव्हते. माहीत असायची गरजही नव्हती.

शास्त्र असे आहे. लाकूड-कोळसा पुरता जळला तर कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळला तर कार्बन मोनॉक्साइड. या दुसऱ्या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत तो झोंबत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरते, त्यामुळे छातीत श्वास चालू असतो पण अंगाला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मग मळमळ, चक्कर, गुंगी. झोपलेल्या माणसाला तर डोकेदुखीही कळत नाही. आमची समजूत होती की धूर नाही म्हणजे विष नाही. हीच चूक. निखाऱ्यांतून धूर निघत नाही, पण हा वायू सर्वांत जास्त तेव्हाच निघतो. त्यातच ज्वाळा मंदावली की नळातली ओढ कमी होते, आणि समोरून वारा असला तर बाहेर जायचे ते पाइपातून परत आत येते. रॉकेटने धूर कमी केला होता, धोका केला नव्हता. उलट काळ्या धुराने पोरे खोकत बाहेर पळायची, या स्वच्छ आगीपुढे ती निवांत बसून राहिली.

दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानातून बातम्या येतात, अंगीठी पेटवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. आपण वाचतो आणि पान उलटतो. मदीनेत एका रात्री एक घर माणसांसकट जळाले, तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी आगीला माणसाची वैरीण म्हटले आणि झोपण्याआधी ती विझवण्याची ताकीद दिली. हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. लहानपणी मदरशात आम्ही सर्वांनी ती ऐकली होती. ती फक्त दिव्याच्या वातीबद्दल आहे असे आम्ही का समजत होतो, कोण जाणे.

त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे चालले. पुतण्याचे म्हणणे, धुराड्याचा पाइप टिनातून सरळ वर काढू, मग वारा उलटणार नाही. थंड देशांतल्या घरांत असे हीटर असतात तेव्हा त्यांचे धुराडे बऱ्याचदा छताच्या वर काढलेले असते, हे खरे. पण मग तो उचलून नेण्याचा हीटर राहत नाही. आणि भाईजाननी जे सांगितले त्यावर कुणाकडे उत्तर नव्हते. गॅरेजमध्ये पेट्रोल असते. कार्ब्युरेटर उघडला की थोडे सांडतेच. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चारपट जड, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते आणि लांबवरच्या विस्तवापर्यंत सरपटत जाते. कडाक्याच्या थंडीतही पेट्रोलची वाफ होतच राहते. आमच्या हीटरचे तोंड जमिनीपासून चार बोटांवर होते. शिवाय कोपऱ्यात बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असतात, त्यांतून हायड्रोजन निघतो. "इतके दिवस आपण वाचलो ही अल्लाहची मेहेरबानी, आपली अक्कल नाही," भाईजान म्हणाले. टायर जाळणारी शेकोटी निदान शटरच्या बाहेर होती!

हीटर मोडायचा का? मन होत नव्हते. तीन जुम्म्यांची मेहनत, आणि वस्तू खरोखरच चांगली झाली होती. तेव्हा भाभी म्हणाल्या, "आग कशाला आत आणता, गरम पाणी आणा ना."

पुन्हा वही निघाली. वजनाला वजन घेतले तर पाणी विटेच्या जवळजवळ पाचपट उष्णता धरते. पंधरा लिटर पाणी ऐंशी अंशांवरून खोलीच्या पंचवीस अंशांपर्यंत निवताना जेवढी उष्णता सोडते ती विजेच्या हिशेबात जवळपास एक युनिट भरते. म्हणजे हजार वॅटचा हीटर एक तास चालवल्यासारखे, आणि तेही हळूहळू, तीन-चार तास.

आता असे चालते. हीटर अंगणात, शटरपासून पंधरा-वीस पावलांवर, कपड्यांच्या दोरीपासून दूर. पालथा ग्रीसचा डबा काढून टाकला. नळाच्या तोंडावर लोखंडाचे तीन खुंट ठेवले आणि त्यावर पितळेचा गुंड. गुंडाभोवती पत्र्याचा कडा बसवला, गुंड आणि कडा यांत करंगळीएवढी फट, म्हणजे गरम हवा गुंडाच्या अंगाला घासून वर जाते. या एका कड्याने लाकूड किती वाचले ते डोळ्यांनी दिसले. वीस लिटर पाणी वजूपुरते आणि अंघोळीपुरते कोमट करायला पाऊण किलोच्या आसपास लाकूड लागते. गुंडावर झाकण नुसते ठेवलेले असते. बंद तोंडाचे भांडे आगीवर कधीच ठेवू नये, वाफ ते फोडते. उकळायला आले की पाणी दुधाच्या कॅनमध्ये ओतायचे, कॅन काठोकाठ भरायची नाही, आणि दोघांनी धरून गॅरेजमध्ये न्यायची. ओतायचे काम मुलांनी करायचे नाही, ओढणी किंवा शालीचा पदर मोकळा सोडून कुणीच करायचे नाही. एवढे नियम भाभींनी घातले आणि ते पाळले जातात.

गॅरेज गरम झाले असे म्हटले तर ते खोटे ठरेल. टिनाखाली एका युनिटने काय होणार. पण कॅन बैठकीच्या लाकडी ठोकळ्याशेजारी ठेवली, तिच्या झाकणावर पाने ओळीने मांडले, की हातात येते ती वस्तू गरम असते. मधूनमधून हात कॅनला लावले की पुरते. कामावरची पोरे आधी हसली, आता तीच सकाळी येऊन तुराट्या तोडायला बसतात. आणखी एक बदल केला. इंजिन सुरू करून ट्यूनिंग करायचे असले की गाडी शटरबाहेर. सायलेन्सरमधून हाच कार्बन मोनॉक्साइड येतो, हे इतक्या वर्षांत गॅरेजमध्ये कुणी मनावर घेतले नव्हते.

दुपारपर्यंत कॅनमधले पाणी कोमट होते, ते जुहरच्या वजूला लागते. पाणी एकच, कामे दोन. फजरचे पाणी मात्र वेगळे तापते. थंडीत पूर्ण वजू करण्याचा सवाब मोठा आहे हे खरे, पण दादींचे वय आणि दमा पाहता त्यांच्यासाठी कोमट पाणी ठेवण्यात कसलाही संकोच नको, असे आमच्या इमामसाहेबांचेही म्हणणे पडले. पूर्वी त्यांच्यासाठी कुणाला तरी अर्धा तास आधी उठून चूल फुंकावी लागे. आता फुंकणी खुंटीला टांगलेली आहे.

रमजानही आता हिवाळ्याकडे सरकत चालला आहे. 2028 मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस येईल, 2029 मध्ये जानेवारीच्या मध्यावर, आणि 2030 साली तर एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. चंद्रदर्शनाने एखादा दिवस मागेपुढे, एवढेच. थंडीतली सहरी ज्यांनी लहानपणी केली आहे त्यांना अंगणातल्या गरम पाण्याची किंमत सांगायला नको.

सरपणाचा प्रश्न उरतोच. नागझिरा आणि कोका ही जंगले आमच्या बाजूलाच, पण जंगलातून मोळी आणणे आता ना सोपे ना बरे. आमच्या हीटरला जाड लाकूड चालतच नाही, हा त्याचा आम्हाला कळलेला सर्वांत मोठा गुण. बोटभर काटकी, तुराट्या, आंब्या-कडुलिंबाच्या छाटलेल्या फांद्या, यावर भागते. कुरआनच्या सूरह वाकिआत माणसाला विचारले आहे की तुम्ही जी आग पेटवता तिचे झाड कुणी उगवले, त्याची आठवण तुराट्या मोडताना होते. ओले लाकूड घालू नये, धूर होतोच. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, प्लॅस्टिक आणि अर्थातच टायर, यांना आमच्या अंगणात बंदी आहे. त्यांतला विषारी धूर कोणत्याही रॉकेटने स्वच्छ होत नाही.

कुणी करून पाहणार असेल तर डोकेदुखीची गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा, मुलांनाही. एका खोलीत दोघा-तिघांचे डोके एकदम दुखले, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, की आग विझवायला थांबू नका. आधी माणसे बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा. कुणी गुंगीत असेल तर 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना शेगडीचा धूर झाला असे स्पष्ट सांगा. नाहीतर अपचन समजून औषध मिळते. बाथरूममधल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे. बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर शेगडी दाराबाहेर ठेवा आणि कपडा तापवून आत न्या.

दुसऱ्या हिवाळ्यात हीटरचे बूड उघडून पाहिले. नळाच्या कोपऱ्यात, जिथे ज्वाळा वळते तिथे, लोखंडाचे पापुद्रे सुटले आहेत. तो भाग पुढच्या वर्षी बदलावा लागेल. पुतण्या म्हणतो की तो कोपरा लोखंडाचा न करता वारुळाची माती आणि तुसाची राख यांच्या भाजलेल्या विटांचा करू. विटा पाडून सावलीत वाळत ठेवल्या आहेत, दोनांना तडे गेले, चार चांगल्या आहेत. हीटरची राख भाभी गुंड घासायला नेतात. चिंच आणि राख लावली की पितळ असे चमकते की परवा काकूंनी हंडा आणून ओटीवर ठेवला आणि विचारले, "थोडी राख देता का?"